ऑनलाइन बीएलएस, एसीएलएस आणि रिन्यूअल: ठाणे-नवी मुंबईच्या सिस्टर, ब्रदर आणि डॉक्टरांचे नेहमीचे प्रश्न

मी आयसीयूत सिस्टर होते, आता बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाला छाती दाबून, श्वास देऊन वाचवणं) आणि एसीएलएस (त्याच्या पुढचा, औषधं आणि मॉनिटर धरून असलेला कोर्स) शिकवते. फोन येतात ते बहुतेक रात्री नऊनंतर, इव्हिनिंग ड्यूटी सुटली की. विचारणारी माणसं नवी, प्रश्न तेच. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते. इथे मुख्यतः अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या, म्हणजे एएचएच्या कोर्सबद्दल लिहिलंय, कारण आपल्याकडची बरीच खासगी हॉस्पिटलं आणि गल्फचे एजंट तेच कार्ड मागतात. आपल्या भारतीय कोर्सबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

अख्खा कोर्स घरबसल्या ऑनलाइन होतो का?

नाही. थिअरी घरी होते, हाताचं काम घरी होत नाही. एएचएच्या ऑनलाइन कोर्सला हार्टकोड म्हणतात. त्यात व्हिडिओ, केसेस आणि परीक्षा तुम्ही मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर करता आणि शेवटी एक प्रमाणपत्र डाउनलोड होतं. ते प्रमाणपत्र म्हणजे कार्ड नव्हे. ते दाखवून प्रॅक्टिकल द्यायचं, ते पास झालं की कार्ड. गोंधळ होतो तो इथेच. प्रमाणपत्रावर नाव असतं, कोर्सचं नाव असतं, त्यामुळे लोक ते प्रिंट काढून एचआरला देतात. कधीकधी एचआरही ते फाइलला लावून मोकळं होतं. मग ऑडिटच्या आधल्या दिवशी धावपळ.

व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय: अर्ध्या तासात बीएलएस, प्रॅक्टिकल नाही, कार्ड लगेच. घ्यायचं का?

पैसे वाया घालवायचे असतील तर घ्या. काही वेबसाइटवाले स्वतःच्याच नावाचं प्रमाणपत्र देतात आणि मजकुरात एएचएचा उल्लेख असा घोळवतात की वाचणाऱ्याला ते त्यांचंच वाटावं. 'एएचएच्या गाइडलाइननुसार' आणि 'एएचएचं कार्ड' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाइडलाइन सगळ्यांना वाचायला खुली आहे, ती वाचून उद्या मीही माझ्या नावाचं प्रमाणपत्र छापेन.

खरं कार्ड ओळखणं सोपं आहे. त्यावर ट्रेनिंग सेंटरचं नाव, इन्स्ट्रक्टरचं नाव, कार्डाचा कोड आणि क्यूआर कोड असतो. तो कोड एएचएच्या ई-कार्डच्या साइटवर टाकला की तुमचं नाव आणि तारीख समोर येते. येत नसेल तर ते कार्ड नाही, चित्र आहे.

हार्टकोडला किती वेळ लागतो? ड्यूटी सांभाळून होईल का?

बीएलएस साधारण एक-दोन तासांत होतं. एसीएलएसला मात्र एक अख्खा ऑफ द्या, किंवा दोन-तीन दिवसांत तुकड्यांनी करा. मधे बंद केलं तर जिथे सोडलं तिथून पुढे सुरू होतं. ठाणे ते वाशी लोकलमध्ये बसून व्हिडिओ बघणारी मंडळी मला माहीत आहेत, पण केसेस लोकलमध्ये सोडवू नका. तिथे मॉनिटरवरची लय ओळखून निर्णय घ्यायचा असतो आणि ऐरोलीला गर्दी चढली की निर्णय चुकतो.

व्हिडिओ आणि प्रश्न इंग्रजीत असतात. आपल्या मुली याला फार घाबरतात, आणि तेवढं घाबरायचं कारण नाही. शब्द वॉर्डातलेच आहेत: कॉम्प्रेशन, पल्स, शॉक, रिदम. प्रॅक्टिकलला इन्स्ट्रक्टर मराठी-हिंदीत समजावतोच.

परीक्षेत किती मार्क लागतात?

84 टक्के. वर्गातल्या बीएलएसला 25 प्रश्न, म्हणजे 21 बरोबर हवेत. एसीएलएसला 50 प्रश्न, 42 बरोबर. पुस्तक उघडून बघायची मुभा असते, पण ज्याने पुस्तक आधी कधी उघडलेलंच नाही त्याला त्या मुभेचा काही उपयोग होत नाही. वर्गात एसीएलएस करणार असाल तर त्याआधी एक स्वयंचाचणी असते, त्यात किमान 70 टक्के मिळवून तिची प्रिंट आणायची.

प्रॅक्टिकलमध्ये नेमकं काय करतात? नापास करतात का?

करतात, आणि करायलाच हवं.

बीएलएसला दोन चाचण्या: मोठ्या माणसाचा सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं) एईडीसह, म्हणजे आपोआप लय ओळखून शॉक देणाऱ्या यंत्रासह, आणि बाळाचा सीपीआर. मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच दबली पाहिजे, सहाच्या पुढे नको. वेग मिनिटाला 100 ते 120. म्हणजे तीस कॉम्प्रेशन पंधरा ते अठरा सेकंदांत. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मग दोन श्वास, आणि त्यासाठी थांबायचं ते दहा सेकंदांच्या आत.

कागदावर हे पाठ सगळ्यांचं असतं. गेल्या पावसाळ्यात एक सिस्टर आली, हार्टकोडला 96 टक्के. गुडघ्यावर बसली, हात बरोबर ठेवले आणि दाबायला लागली. मॅनिकिनचा, म्हणजे सरावाच्या बाहुलीचा, दिवा एकदाही हिरवा झाला नाही. तिचे कोपर वाकत होते. दंडाच्या जोराने दाबत होती, कंबरेतून वजन टाकत नव्हती. दहा मिनिटांत जमलं, पण ती दहा मिनिटं कुठल्याही व्हिडिओत मिळाली नसती. एएचएने 2019 पासून मोठ्या माणसाच्या सीपीआरला खोली आणि वेग दाखवणारं उपकरण सक्तीचं केलं, ते यासाठीच. तुमच्या सेंटरवर नुसती मुकी बाहुली असेल तर विचारा, दिवा किंवा क्लिक कुठे आहे म्हणून.

मोजण्याबद्दल एक. मराठीत मोठ्याने मोजत गेलात की विसापर्यंत ठीक चालतं, पुढे 'सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस' म्हणताना जीभ अडखळते आणि हात तिच्यामागे रेंगाळतो. एक ते दहा तीनदा मोजा. ढोल पथकातली मुलं आली की उलटं होतं. ठेका पक्का असतो, पण मिरवणुकीसारखा चढत जातो, आणि वेग वाढला की खोली जाते.

नापास झालात तर त्याच दिवशी शिकवून पुन्हा चाचणी घेतात. फार क्वचित कोणाला परत बोलवावं लागतं.

एसीएलएस खूप अवघड असतं का?

बीएलएस कच्चं असेल तर हो. एसीएलएसला बीएलएस आणि एअरवेची (श्वासमार्ग सांभाळण्याची) चाचणी होते आणि शेवटी मेगाकोड, म्हणजे अख्ख्या केसची चाचणी. तुम्ही टीम लीडर, समोर पेशंट, आणि मॉनिटरवरची लय बदलत जाते. व्हीएफ (हृदयाची नुसती थरथर) किंवा पल्स नसलेली व्हीटी (खूप वेगवान लय) असेल तर शॉक. असिस्टोल (सरळ रेषा) किंवा पीईए (मॉनिटरवर लय दिसते, पण पल्स नाही) असेल तर शॉक नाही, सीपीआर चालू आणि अॅड्रेनलिन शक्य तितक्या लवकर. अॅड्रेनलिन 1 मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी. शॉक देऊनही लय सुधारली नाही तर अॅमिओडॅरोन, पहिला डोस 300 मिलिग्रॅम, दुसरा 150. सिरियलवाल्यांनी सरळ रेषेला शॉक देऊन देऊन इतकं नुकसान केलंय की दर बॅचमध्ये एकजण तरी असिस्टोलला पॅडल उचलतोच.

माणसं अडतात ती औषधांवर नाही, बोलण्यावर. आपल्याकडे कोड ब्लूला, म्हणजे पेशंटचं हृदय थांबल्याची हाक आली की, सगळे एकदम बोलतात किंवा सगळे गप्प. मेगाकोडला नाव घेऊन काम सांगायचं असतं: "सिस्टर, अॅड्रेनलिन एक मिलिग्रॅम द्या." तिने परत म्हणायचं, "अॅड्रेनलिन एक मिलिग्रॅम," आणि दिल्यावर "दिलं." ज्या मुलीने आयुष्यात कधी सरांना ऑर्डर दिली नाही, तिला लीडर म्हणून हे बोलायला लावणं हा मला एसीएलएसचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. आवाज फुटायला पंधरा मिनिटं लागतात, मग थांबत नाही.

ईसीजी कच्चा असेल तर आधी आठवडाभर रोज पाच पट्ट्या वाचा. कोर्समध्ये ईसीजी पहिल्यापासून शिकवत नाहीत, तो येतो असं धरूनच चालतात.

कार्ड किती दिवस चालतं?

दोन वर्षं, त्या महिन्याच्या शेवटपर्यंत. 14 जून 2025 ला केलंत तर 30 जून 2027 पर्यंत.

संपल्यावर महिना-दोन महिने सवलत असते ना?

एएचएकडून नाही. हा समज 2020 चा आहे. तेव्हा कोविडमुळे कार्डांना मुदतवाढ दिली होती, ती कधीच संपली. तुमच्या हॉस्पिटलने आपल्या जबाबदारीवर चालवून घेतलं तर तो त्यांचा प्रश्न, पण लेखी घ्या. मेट्रन मॅडम तोंडी 'चालेल गं' म्हणाल्या, एवढ्यावर राहू नका. त्यांची बदली झाली की नव्या मॅडमना ते माहीत नसतं.

रिन्यूअलचा कोर्स वेगळा असतो का?

वर्गात करणार असाल तर रिन्यूअलचा कोर्स छोटा असतो आणि त्यासाठी चालू कार्ड दाखवावं लागतं. कार्ड संपलेलं असेल तर पूर्ण कोर्सला बसवायचं की नाही हे ट्रेनिंग सेंटर ठरवतं. हार्टकोडला नवा आणि जुना असा फरकच नाही, दोघांना तोच कोर्स. फक्त जुन्या माणसाचा भरभर होतो.

माझा सल्ला: शेवटच्या महिन्याची वाट बघू नका. तारीख संपायच्या दोन महिने आधी करून टाका. मार्च आणि ऑडिटचे दिवस सोडून कधीही या, बॅच लहान असते आणि मॅनिकिन जास्त वेळ हाताला मिळतं. एका मॅनिकिनमागे तिघांपेक्षा जास्त माणसं दिसली तर मी असते तर परत फिरले असते.

नवीन गाइडलाइन आली म्हणतात. माझं जुनं कार्ड रद्द झालं का?

नाही, छापलेल्या तारखेपर्यंत चालतं. पण बदल वाचून घ्या. ऑक्टोबर 2025 मध्ये एएचएची नवी गाइडलाइन आली. रोजच्या कामाला लागतील असे दोन बदल सांगते. मोठ्या माणसाच्या घशात काही अडकलं आणि त्याला खोकता-बोलता येत नसेल, तर आता आधी पाठीवर पाच थापा, मग पोटावर पाच दाब, आणि हेच आलटून पालटून. पूर्वी आपण थेट पोटावर जायचो. दुसरा बदल बाळाचा: दोन बोटांनी छाती दाबायची पद्धत गेली. आता दोन अंगठ्यांनी, हाताच्या पंजांनी बाळाला वेढून, किंवा एका हाताच्या तळव्याच्या टाचेने. मुलांच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टरना हे पचायला जड जातं, कारण बोटांची सवय वीस वर्षांची आहे. शिवाय जीव वाचवण्याच्या पायऱ्यांच्या (चेन ऑफ सर्व्हायव्हल) घरच्या, हॉस्पिटलमधल्या, मोठ्यांच्या आणि मुलांच्या वेगवेगळ्या साखळ्या होत्या, त्यांची आता एकच साखळी केली आहे. परीक्षेसाठी ते सोपंच झालं.

कार्डावर नाव कसं लिहायचं? लग्नानंतर आडनाव बदललंय.

हा प्रश्न छोटा वाटतो, पण सगळ्यात जास्त फोन याचेच. नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं. आणि हार्टकोडला मुलीने लिहिलेलं असतं नुसतं लाडकं नाव आणि आडनाव. गल्फला जायचं असेल तर पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. तिकडे डेटाफ्लो या कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीची पडताळणी होते आणि एका अक्षरावरून कागद परत येतो. फक्त इथल्याच नोकरीसाठी असेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्डप्रमाणे. नाव चुकलं असेल तर ट्रेनिंग सेंटरला कळवा, दुरुस्ती तेच करतात.

ईमेलही स्वतःचाच द्या. एका नर्सिंग होममध्ये इनचार्जनी सगळ्या अकरा जणींचा ऑफिसचा एकच ईमेल दिला. सहा महिन्यांनी तिघींनी नोकरी सोडली आणि आपलंच कार्ड मागायला जुन्या इनचार्जच्या मिनतवाऱ्या करत बसल्या. कार्डाची लिंक ईमेलवर येते आणि ते आपल्याला क्लेम करावं लागतं. स्पॅममध्येही बघा. कोर्स झाल्यावर वीस कामकाजाच्या दिवसांत कार्ड मिळायला हवं, तोवर सेंटरला रोज फोन करू नका. एकविसाव्या दिवशी मात्र जरूर करा.

मी बीएएमएस आहे, आरएमओ म्हणून काम करतो. एसीएलएस करता येईल का?

येईल. आपल्याकडच्या नर्सिंग होममध्ये रात्री दोन वाजता पेशंटशेजारी कोण उभं असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे डॉक्टर, तुम्ही कराच. पण एक लक्षात ठेवा: कार्ड म्हणजे कोर्स पूर्ण केल्याचा पुरावा. त्याने कोणालाही नवा अधिकार किंवा लायसन्स मिळत नाही. कोणी कोणतं औषध द्यायचं हे तुमच्या रजिस्ट्रेशनवर आणि हॉस्पिटलच्या नियमांवर ठरतं. डेंटिस्ट आणि फिजिओना बहुतेक वेळा बीएलएस पुरतं.

मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट मिळतात का?

आपोआप नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत 30 पॉइंट लागतात हे खरं, पण पॉइंट मिळतात ते आयोजकांनी त्या कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता घेतली असेल तरच. नाव नोंदवण्याआधी मान्यतेचा कागद मागा.

एएचएच का? भारतीय कोर्स नाहीत का?

आहेत, आणि चांगले आहेत. इंडियन सोसायटी ऑफ अॅनेस्थेसिऑलॉजिस्ट्सच्या पुढाकारातून भारतीय रिससिटेशन कौन्सिल उभी राहिली आणि 2017 मध्ये तिच्या गाइडलाइन प्रसिद्ध झाल्या. सामान्य माणसासाठी कॉल्स, म्हणजे नुसती छाती दाबण्याची पद्धत. हॉस्पिटलबाहेर काम करणाऱ्या प्रशिक्षितांसाठी बीसीएलएस. हॉस्पिटलच्या आतल्या डॉक्टर-सिस्टरसाठी सीसीएलएस. आपल्या साधनसामग्रीचा आणि माणसांचा विचार करून बनवलेले कोर्स आहेत. तुमच्या हॉस्पिटलला चालत असेल तर बिनधास्त करा. हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचलाही स्टाफ सीपीआर शिकलेला आणि त्याचं रेकॉर्ड ठेवलेलं हवं असतं.

बाहेर जायचं असेल तर आधी तिकडचा कागद वाचा. ब्रिटनमध्ये रिससिटेशन कौन्सिल यूकेचे कोर्स चालतात, त्यांच्या एएलएसची (एसीएलएससारखा त्यांचा कोर्स) मुदत चार वर्षं असते. गल्फसाठी एजंटवर विसंबू नका, तिकडच्या हॉस्पिटलकडून ईमेलवर विचारून घ्या.

फी किती?

सेंटर ठरवतं, त्यामुळे ठाण्यात एक आणि बेलापूरला दुसरी. कार्डाचा आणि पुस्तकाचा भाग सोडला तर ती फी एएचएला जात नाही. विचारायचं ते असं: पुस्तक, ई-कार्ड, जीएसटी धरून किती? हार्टकोडची 'की' (ऑनलाइन कोर्स उघडायचा कोड) यातच आहे का वेगळी? फेरपरीक्षेचे पैसे पडतात का? हॉस्पिटल पैसे भरत असेल तर त्या बदल्यात किती महिन्यांचा बाँड लिहून घेतायत, तेही वाचा. मी एका कार्डापायी वर्षाच्या बाँडवर सही केलेली मुलगी पाहिली आहे.

गुडघे दुखतात, गरोदर आहे, पाठीचं ऑपरेशन झालंय. प्रॅक्टिकल जमेल का?

आधी कळवा. गरोदरपणात आपल्या डॉक्टरांना विचारून या, घाई नसेल तर नंतर करा. गुडघ्यांसाठी मॅट असते, नसेल तर घरून जाडसर बेडशीट आणा. साडी नको, सलवार-कमीज किंवा ट्रॅक पँट. नखं कापून या. पण चाचणी स्वतःच्या हातांनीच द्यावी लागते, 'मी तोंडी सांगते' चालत नाही.

दोन वर्षांच्या मधे काही करावं लागतं का?

नियमाने नाही. पण हाताची सफाई दोन वर्षं टिकत नाही, काही महिन्यांतच उतरायला लागते. म्हणून तर तिकडे काही हॉस्पिटलांत दर तीन महिन्यांनी थोडा वेळ सराव करून घेतात.

माझंच सांगते. पहिलं कार्ड मिळून वर्ष झालं होतं. नाइटला, पहाटे चारच्या सुमाराला, पेशंट अरेस्टमध्ये गेला. मी चढले आणि दाबायला लागले, आणि छातीऐवजी गादीच खाली जात होती. बेडसोरसाठीची हवेची गादी. पाठीखाली फळी घालायची, गादीचा सीपीआरचा व्हॉल्व्ह ओढायचा, हे मला माहीत होतं. सुचलं मात्र नाही. सिनियर ब्रदरने येऊन व्हॉल्व्ह ओढला.

तेव्हापासून माझ्या वॉर्डात महिन्याच्या पहिल्या सोमवारी हॅंडओव्हरनंतर दोन मिनिटं उजळणी असायची. फळी कुठे आहे, बुटक्या सिस्टरसाठी स्टूल कुठे आहे, क्रॅश कार्टचं (आणीबाणीच्या औषधांच्या ट्रॉलीचं) सील शाबूत आहे का, अँबू बॅगला (हाताने श्वास द्यायच्या पिशवीला) मास्क लावलेला आहे का. मॅनिकिन नसेल तर घट्ट उशीवर दोन मिनिटं कोपर सरळ ठेवून दाबा. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, तो का ते तेव्हा कळतं.

आमच्या सोसायटीत शिकवाल का? वॉचमन आणि काका-काकूंना?

हो, आणि त्याला कार्डबिर्ड लागत नाही. नुसती छाती दाबणं आणि 108 ला फोन करणं, एवढं तासाभरात शिकवता येतं. घोडबंदर रोडला संध्याकाळी अॅम्ब्युलन्स कशी येते हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. आणि सीपीआरविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. रविवारी सकाळी दहाला ठेवा. दुपारी कोणी येत नाही. वॉचमनची ड्यूटी बदलायच्या वेळेला ठेवलंत तर दोन्ही पाळ्यांचे सापडतात. आणि लिफ्टजवळच्या बोर्डावर सोसायटीचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत लावून ठेवा, विंग आणि जवळची खूण धरून. फोनवर घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही.